तपासता न आलेली फाईल

४ ऑगस्ट, सोमवार

आत्ताच सोमाजीच्या घरून आलो. सोमाजी शेजारी राहतो. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आम्ही एकाच बसने गेलो-आलो आणि दोन महिन्यांच्या फरकाने रिटायर झालो. आज सकाळी त्याच्या कंप्युटरचा पडदा लालभडक झाला आणि त्यावर इंग्रजी मजकूर आला, की तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, खंडणी पाठवा म्हणजे किल्ली मिळेल. पोरीच्या लग्नाचे फोटो, त्याच्या वडिलांचा होता तो एकुलता एक फोटो, सगळं तिथंच दिसतंय आणि एकही उघडत नाही. सोमाजी खाटेवर बसून एकच वाक्य घोकत होता, "दार बंद होतं ना बे. दार तं बंद होतं."

मला धक्काच बसला. सदतीस वर्षं मी फॅक्टरीत माल तपासला. गेटवर डबा उघडून दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही अशा जागी हयात गेली, आणि माझ्याच घरात तीन वर्षांपासून कंप्युटर उघडाबोडका पडला आहे! नागपूरच्या कॉलेजात नोकरी लागल्यावर आमच्या मुलीने, भावनाने तो घेऊन दिला. मी त्यावर पेपर वाचतो. बायको, रत्नमाला, दुपारी बसते, बचत गटाचं काहीतरी करत असते. त्याची राखण कोण करतो हे दोघांनीही कधी विचारलं नाही.

या आठवड्यात चौकीदार नेमायचा. फुकटातला, पण पारखून.

५ ऑगस्ट, मंगळवार

सोमाजीची सून उर्वशी कंप्युटर क्लासमध्ये शिकवते (दिव्याखाली अंधार, दुसरं काय!). तिला विचारलं. म्हणाली, "काकाजी, कंप्युटरसंगं जे अँटीव्हायरस आलं हाये तेच पुरे हाये. ते चालू ठेवा, अपडेट येऊ द्या, अनोळखी काई उघडू नका. अन् जे महत्त्वाचं असन त्याची दुसरी कॉपी काढून कपाटात ठेवा. आमच्या बाबूजीनं तेवढंच नाई केलं."

पोरगी हुशार आहे, पण फॅक्टरीत राहिलेली नाही. ज्याने माल बनवला त्यानेच तो पास करायचा? मग आम्ही सदतीस वर्षं काय माशा मारल्या? तपासनीस बाहेरचा पाहिजे, हा पहिला नियम. कॉपीचं नंतर बघू.

७ ऑगस्ट, गुरुवार

तीन उमेदवार नेटवरून उतरवून घेतले. इंग्रजी नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून चित्रावरून नावं ठेवली: कासववाला, घुबडवाला आणि भालेवाला.

कासववाल्याने नावाला जागून चार तास तपासणी केली आणि 'सर्व ठीक' म्हणाला. घुबडवाल्याने त्याच कंप्युटरमध्ये दहा मिनिटांत तीनशे बारा धोके काढले, वर भोंगा वाजवला. मी खुर्चीतून उडालो. रत्नमाला हातातलं पीठ तसंच घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. "का झालं जी? गॅस लीक झाला का?"

"तीनशे बारा घुसले आहेत," मी म्हणालो.

"कुठी?"

"यात."

तिने कंप्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माह्या कामाच्या वस्तूइले हात नका लावू बरं," म्हणाली आणि गेली. हिला तीनशे बाराचं काही नाही, स्वतःच्या वस्तूंचं पडलं आहे.

ते तीनशे बारा म्हणजे वेबसाइट पाहिल्याच्या खुणा आहेत, धुळीवरच्या पावलांसारख्या, असं उर्वशीने सांगितलं. एकच माल, एक तपासनीस म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो तीनशे बारा. आमच्याकडे असं झालं असतं तर दोघांनाही साहेबाने उभं केलं असतं.

भालेवाल्याच्या अटी छापून बत्तीस पानं भरतील एवढ्या आहेत. त्या पूर्ण वाचणारा जगात मी पहिलाच असेन. एकविसाव्या पानावर लिहिलं आहे की तुम्ही कुठे कुठे जाता याची माहिती आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो. चौकीदारच रस्त्यात उभा राहून घरातल्या गोष्टी सांगणार! त्याला तिथल्या तिथे नापास केला.

९ ऑगस्ट, शनिवार

रत्नमाला आज सकाळच्या एसटीने सिहोऱ्याला गेली. तिची मोठी बहीण आनंदाबाई बांधावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये आहे. आठ दिवस तरी येणार नाही.

मी कासव आणि घुबड दोघांनाही ठेवलं. आमच्याकडे मालाचा प्रत्येक लॉट दोघांच्या हाताखालून जायचा. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची आहे. उर्वशीने डोक्याला हात लावला. "काकाजी, दोन ठेवत नसतात, भांडतात ते." माणसं भांडतात, यंत्रं कशाला भांडतील?

संध्याकाळ. भांडले. घुबडाने कासवालाच विषाणू ठरवून कोरोनातल्यासारखं क्वारंटाईन केलं. कासवाने जाता जाता घुबडाची एक फाईल धरून ठेवली. कंप्युटर एवढा मंद झाला की 'अ' दाबल्यावर मी पाणी पिऊन येतो तेव्हा 'अ' उमटतो. शेवटी कासवाला काढलं. घुबड बोलघेवडा असला तरी जागा असतो.

११ ऑगस्ट, सोमवार

घुबड रोज एक सल्ला देतो. आजचा: विषाणू बहुतेक वेळा पेनड्राइव्हमधून येतो. हे मला का सुचलं नाही! घरभर शोधून तीन काढले. एक माझा, एक भावना विसरून गेलेला, एक रत्नमालाच्या सुईदोऱ्याच्या डब्यात, कापडात गुंडाळलेला. तिन्ही फॉरमॅट करून टाकले. आता तान्ह्या बाळाच्या मनासारखे कोरे आहेत. घर निर्मळ होत चालल्याचं समाधान वाटतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार



आज घुबडाकडून खोलवरची तपासणी करून घेतली. शेवटी त्याने एक ओळ दाखवली: एक फाईल पासवर्डने बंद आहे, तपासता आली नाही. फाईलचं नाव 'पापड'. नऊशे एमबी!

पापडाला नऊशे एमबी? आणि पापडाला कुलूप कशाला? बचत गटाच्या पापडाची कृती साऱ्या भंडाऱ्याला माहीत आहे, ती पाकिटावरच छापलेली असते. मी ती फाईल उघडायला गेलो तर चौकट आली, पासवर्ड द्या. लग्नाची तारीख टाकली, नाही. भावनाची जन्मतारीख, नाही. तिच्या माहेरचं नाव, ती चालवायची त्या अंगणवाडीचा नंबर, धम्मचक्र दिनाची तारीख, काहीच नाही. सतरा वेळा टाकलं. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर माझ्या बायकोच्या मनातला एकही शब्द मला ओळखता येऊ नये, याचं क्षणभर वाईट वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. ही फाईल तिची नाहीच! साध्याभोळ्या नावाचा बुरखा घेऊन कोणीतरी आत बसलं आहे. सोमाजीकडेही हेच झालं, फायलींना कुलूप! आपल्याकडे सुरुवात झाली आहे.

प्लग काढून टाकला.

१३ ऑगस्ट, बुधवार

रत्नमालाला फोन करून विचारावं का, असा विचार सकाळी दोनदा मनात आला. फोन हातातही घेतला होता. पण एक तर तिकडे आनंदाबाईचं दुखणं, त्यात हिला घाबरवायचं कशाला? आणि दुसरं म्हणजे, माल बनवणाऱ्याला विचारून तपासणी करत नसतात. तो 'चांगला आहे साहेब' असंच म्हणणार. आमचा नियम सरळ होता: जे तपासता येत नाही ते नापास. आणि नापास झालेला नग नुसता बाजूला ठेवायचा नाही, कारण कोणाच्या तरी हातून तो पुन्हा लॉटमध्ये जातो. तिथंच निकामी करायचा.

घुबडाकडे त्याचीही सोय आहे. श्रेडर म्हणतात. फाईल नुसती पुसत नाही, तिच्या जागेवर सात वेळा भलतंच काहीतरी लिहितो. त्याने विचारलं, 'ही फाईल पुन्हा कधीही मिळणार नाही. खात्री आहे?' मी 'होय' दाबलं. त्याने परत विचारलं. मी परत दाबलं. बावीस मिनिटं लागली. पट्टी हळूहळू हिरवी होत गेली आणि मी समोर बसून होतो. शेवटी घुबडाने लिहिलं, 'आपला कंप्युटर सुरक्षित आहे.'

फार दिवसांनी कामावरून आल्यासारखी झोप लागेल आज.

१७ ऑगस्ट, रविवार

रत्नमाला दुपारी आली. चहा पिऊन लगेच कंप्युटरवर बसली. पिशवीतून मोबाईल आणि वायर काढली. मी मागे उभा होतो, शाबासकी घ्यायला.

बराच वेळ ती नुसती माऊस फिरवत होती.

"माह्यी पापडाची फाईल कुठी हाये?"

मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, सोमाजी, घुबड, नऊशे एमबी, श्रेडर, सगळं. सांगता सांगता तिचं तोंड पांढरं पडत गेलं, तरी मी सांगतच राहिलो, कारण थांबलो तर काय होईल ते कळत नव्हतं. ती उठली आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन आली. कापड सोडलं, पेनड्राइव्ह लावला. कोरा.

"हा बी?"

"घुबडाने सांगितलं होतं..."

ती खाली बसली. फरशीवर, टेबलाच्या पायाला टेकून. रडली नाही. मी पाणी आणलं ते तिने घेतलं नाही. मी म्हणालो, "अवं, तुह्यं होतं तर कुलूप कायले लावलं? मले सांगाचं होतं ना." तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं काय लिहावं! मी परका माणूस असल्यासारखी ती पाहत होती.

"सोमाजीभाऊच्या घरात चोर घुसले," ती म्हणाली. "त्याहिनं फायली तरी ठेवल्या. किल्ली तरी होती त्याहिच्यापाशी."

१८ ऑगस्ट, सोमवार

उर्वशीला बोलावलं. तिने तासभर खटपट केली, वेगवेगळी सॉफ्टवेअरं लावून पाहिली. "नुसती डिलीट केली असती तं निघाली असती काकाजी. यानं तं वरून लिवून टाकलं. पेनड्राइव्हबी पूरा फॉरमॅट केला तुमी. काईच उरलं नाई." जाताना तिने रत्नमालाच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

रत्नमाला स्वयंपाक करते, ताट वाढते, बोलत नाही. संध्याकाळी वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला बुद्धविहारात गेली. मी गेलो नाही. लोकांना आधीच कळलं असेल असं वाटत राहिलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

भावनाला फोन लावला. निदान काय नष्ट केलं ते तरी कळावं.

"बाबा, तुमी खरंच श्रेड केली?" मग तिने सांगितलं.

रत्नमालाने तीस वर्षं अंगणवाडी चालवली. बाया तिच्याशी बोलायच्या. रिटायर झाल्यावर तिने सिहोरा आणि आजूबाजूच्या गावांतल्या अकरा म्हाताऱ्यांना मोबाईलवर बोलतं केलं. एकच प्रश्न विचारायची: जे घरात कोणालाच सांगितलं नाही ते सांग. चार वर्षं हे चाललं होतं. बायांच्या दोन अटी होत्या. नेटवर टाकायचं नाही, आणि घरच्या माणसांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. म्हणून भावनाने कुलूप लावून दिलं. म्हणून 'पापड', कारण पापडाची फाईल कोणता पुरुष उघडतो? सगळं ऐकून लिहून काढायचं आणि नावं बदलून पुस्तक करायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं. जुना मोबाईल गेल्या वर्षी बिघडला. उरल्या होत्या दोन कॉपी.

म्हणजे दुसरी कॉपी काढून जपून ठेवणारं माणूस घरात होतं. मी नव्हतो ते.

"अकरातल्या सात जणी आता नाहीत बाबा," भावना म्हणाली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "त्याच्यात आजी होती. चाळीस मिनिटं."

बायजाबाई. माझी माय. जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या आवाजाचा एक शब्द माझ्याकडे नाही. तेराव्या तारखेला मी तो बावीस मिनिटं समोर बसून पुसला.



२२ ऑगस्ट, शुक्रवार

काहीही लिहावंसं वाटत नाही. घुबडाला काढून टाकलं. जाताना त्याने विचारलं, 'आम्हाला का सोडताय? कारण सांगा.' मी कारण लिहिलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आज रत्नमालासोबत सिहोऱ्याला गेलो. ती बोलली नव्हती, पण मी स्कूटर काढली आणि ती मागे बसली. अकरातल्या चार जणी आहेत. त्यांतल्या शकुबाईच्या अंगणात मी थांबलो आणि ही आत गेली. धानाची रोवणी आटोपली आहे, तळ्याखालची बांधी हिरवीगार झाली आहे. आतून रत्नमालाचा आवाज येत होता, माझ्याकडून आवाज पुसला गेला असं ती सांगत होती. 'माझ्याकडून' म्हणाली. मी ऐकलं.

शकुबाई नव्वदीची आहे. थोड्या वेळाने तिचाच आवाज आला, "मी कोनतं सांगतलं होतं वं? मले आता आठवत नाई ना बाई."

मी तळ्याकडे जाऊन उभा राहिलो. मला फार लाज वाटली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी चहा देताना रत्नमाला समोर बसली. नऊ दिवसांनी.

मी विचारलं, "मायनं काय सांगतलं होतं?"

"वचन देलं होतं मी."

मी मान हलवली. विचारायचा मला हक्कच नव्हता. पण ती उठली नाही. कपाची किनार पुसत राहिली.

"आता ते माह्या एकटीच्याच डोक्यात हाये," ती म्हणाली. "शकुबाई पाह्यली ना तुमी. उद्या मलेही आठवणार नाई. मंग मायचं कोणापाशीच नाई राह्यणार." आणि मग म्हणाली, "मायले वाचता येत होतं."

मी हसलोच. माय जन्मभर अंगठा लावत होती. बँकेत मीच न्यायचो, शाई मीच पुसायचो.

"मी शिकवलं. अंगणवाडीत पोट्टे झोपले का दुपारी येऊन बसे. वर्षभरात पेपर वाचाले लागली. वीस वर्षं झाले त्याले."

"मग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी रोज सकाळी तिले पेपर वाचून दाखवत होते. माय म्हणे, मले वाचता येते म्हणलं का पोरगा पेपर हातात देईन अन् उठून जाईन. तेवढाच तं बसते माह्यापाशी."

मी वाचताना गाळत असे. अपघात, मृत्यू, तिच्या ओळखीच्या कोणाचं निधन, काहीही वाईट आलं की ओळ सोडून पुढे जायचो. जीव कशाला घाबरवायचा तिचा? तिला सगळं ठाऊक असायचं म्हणजे! दुपारी तोच पेपर ती वाचायची.

"अन् तुमच्या डायऱ्या," रत्नमाला म्हणाली. "त्या तं टेबलावरच राह्यतात. कुलूप नाई."

पुढचं तिने सांगितलं नाही. मी उठून कपाटातून २०२२ ची काढली. मायला नागपूरला दाखवायला नेलं होतं तो नोव्हेंबर. पान सापडलं. माझंच अक्षर आहे, जसंच्या तसं उतरवतो.

'१४ नोव्हेंबर. रिपोर्ट आला. मायला कॅन्सर आहे, पोटात पसरला आहे. डॉक्टर म्हणाले सहा-आठ महिने. तिला कळू द्यायचं नाही. घरी येऊन कागद तिच्यासमोर धरला आणि सगळं नॉर्मल आहे म्हणून वाचून दाखवलं. तिचा लगेच विश्वास बसला. अडाणी आहे ते एका अर्थी बरंच.'

हे तिने वाचलं. 'अडाणी आहे ते बरंच', हेही वाचलं. टेबलापाशी उभी राहून, एकेका अक्षरावर बोट ठेवून, घरात कोणी नसताना.

त्याच्या पुढचं पान:

'१५ नोव्हेंबर. विशेष काही नाही. मायने आज स्वतःहून जवळ बोलावलं आणि म्हणाली, कालचा तो कागद पुना वाचून दाखव. मी पुन्हा वाचला, सगळं नॉर्मल आहे. तिने मध्येच माझा हात धरला. म्हणाली, चांगलं वाचतं रे बापू तू. बराच वेळ हात सोडला नाही. माय आज खूश होती.'